पाग धुताना

पाग पूर्वी नदीतच खळबळून निघायचा.
आता बामीबाय चुलीवर हंडा चढवते,
कढत पाण्यात मूठभर सोडा,
तरी दोऱ्याला धरलेली चरबी सुटत नाही.

पहाटे कत्तलखान्याची मोरी सुटते:
आधी घारी येतात, मग वास.
दुपारी कारखान्यांचं पाणी,
कधी निळं, कधी तांबूस,
कधी अगदी नितळ.
नितळाला ती जास्त भिते.

परवा हातमोजे घातलेला एक पोरगा
बाटली भरून चिठ्ठी डकवत होता:
कासाडी, तळोजे, सात दहा.
"प्राणवायू मोजायचाय, मावशी."
"बोयटां तोंडां वर करून मोजीत व्हती,
तवा याचा व्हता."

पाग वाळत टाकून
हंड्यातलं मेणचट पाणी घेऊन
ती काठापर्यंत जाते.
ओतायला हात होत नाही.