तेलाचं कडं

स्ट्रॉमनेसला वारा दार न वाजवता आत येतो,
म्हणून शेडच्या फटींत मासळीची जुनी जाळी कोंबलेली,
आणि पालथ्या बादलीवर बसून मी
गाडीशी बोलतेय. म्हणजे शिव्या देतेय.

एकोणनव्वद सालची होंडा. टाकीवरचा लाल रंग
आता जुन्या विटेचा.
दर ऑक्टोबरात पासिंग, आणि दर सप्टेंबरात मला आठवतं
की वर्षभर मी हिला नुसतं पळवलं.

समुद्राचं मीठ इथं जेवणाआधी गाडीला लागतं.
ब्रेकच्या पिस्टनला, स्पोकच्या मुळांना,
हॉर्नच्या तोंडात तर मिठाची गुळणीच.
व्हिनेगर ओतलं, पॉलिश पेपर घासला,
दोन वायरी खरवडल्या. तरी मुका.
या बेटावर हॉर्न वाजवायचा तरी कुणासाठी?
मेंढ्या ऐकत नाहीत.
शेजारची थोरा ऐकते, पण लगेच दार उघडते.
रात्री दोनला तो अचानक बोलला,
घसा बसलेल्या बदकासारखा,
आणि थोराच्या खिडकीत दिवा लागला.

चेनचा सैलपणा दोन बोटांनी मोजला.
पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं,
मधे कुठे अडखळत नाही ना.
मागचा ब्रेक दाबल्यावर दिवा लागतो का
ते बघायला माणूस नाही,
म्हणून भिंतीवर लाल उजेड पडतो का ते पाहिलं.
पडला.
एकट्या माणसाला भिंत पुरते.

उरला डावा फोर्क.
नळीवर तेलाचं कडं, चकचकीत,
बाळाच्या मनगटातल्या बिंदलीइतकं नाजूक.
सील गेलंय. नवं ॲबर्डीनहून बोटीनं येणार,
आणि बोट वाऱ्याच्या मर्जीनं.
चिंधी घेतली, पुसलं. सगळेच पुसतात.
गॅरेजच्या वळणावर थांबून पुन्हा एकदा पुसलं.
झाकली मूठ.

टॅमस रेंडल एकतीस वर्षं बेटावरच्या गाड्यांत खोट काढतोय.
माझ्या बापाची व्हॅन त्यानं दोनदा नापास केली
आणि दोन्ही रात्री आमच्याकडेच जेवला.
दिवे. इंडिकेटर. हॉर्न: "सर्दी झालीय हिला."
टायरची नक्षी. नंबरप्लेट.
मग तो फोर्कशी वाकायला गेला
आणि अर्ध्यात थांबला,
एक हात सीटवर, एक कमरेवर.
गुडघ्यांनी नाही म्हटलं होतं.
तसाच उभा राहिला. चष्मा पुसला.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"इंगिरिड, तू बस खाली. मी वरून दाबतो.
काय दिसतं ते सांग."

तीन वेळा त्यानं सगळं वजन हँडलवर टाकलं.
गाडी खाली गेली, वर आली,
आणि ओल्या काँक्रीटवर गुडघे टेकून मी पाहिलं
माझं पुसलेलं कडं
हळूहळू परत येताना.
तो समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता.
कॅलेंडर मागच्या वर्षीचं.
आज त्याची भिंत मी.

"गळतोय," मी म्हटलं.
"किती?"
"डोळ्याला दिसेल इतका."
"कुणाच्या डोळ्याला?" तो म्हणाला, आणि हसला,
बहुधा.

प्रिंटरनं कुरकुरत कागद सोडला: फोर्क, डावा, नापास.
जुन्या दाखल्याचे अजून सहा दिवस आहेत.
वारा पडला तर तेवढ्यात सील येईल.
"बसवलंस की ये," टॅमस म्हणाला,
"आणि गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी आण. थंडी वाढतेय."

माझ्या शेडमध्ये एक चपटी उशी आहे,
ऑइलनं काळी झालेली.
घरी आल्या आल्या ती भिजत घातली.