वढवाण्याची उघडीप

मावठ्यानं दोन दिवस कोंडून घातलं.
आज डभोई ओलांडेपर्यंत वायपर चालूच,
आणि तलावाच्या पाळीवर पाय ठेवला तर
ढग जरा सरकून बसलेले,
बघून घ्या, पण लवकर.

शिर्के सरांचा मोतीबिंदू अजून पिकायचाय.
दुर्बीण ते सवयीनं गळ्यात घालतात.
"पट्टकादंब," म्हणतात, कान पलीकडच्या काठाला.
"किती?"

मी मोजते. चिखलात, माना पंखांत खुपसून,
हिमालय ओलांडून आलेली ती राखाडी ढेकळं.
काही खरोखरच ढेकळं निघतात.
एकशे बारा, मी सांगते.
पूर्वी भांडले असते,
दहा-दहाचे गट कर, विदुला, पुन्हा मोज.
आज वहीत मुकाट लिहितात,
दोन ओळींच्या मधे, जिथे ओळच नाही.

तडवीभाई चहा घेऊन आले.
"पाछो आवशे," आभाळाकडे हनुवटी करत.
आलाच. टपोरा, तिरका.
एकशे बारातले बारा
निळे होऊन पानभर पसरले.

गाडीत बसल्यावर काचेवरची वाफ
तळहातानं पुसत राहिले सर.
बराच वेळ. मग म्हणाले,
"आवाज एकशे वीसचा होता."

फाटक्या पुलापाशी
मी गाडी वळवली.