पाच हिवाळे

इतवारीत चेन बदलणाऱ्यांच्या ओळीत
तिसरं मशीन माझं.
दप्तरं, रेनकोट, लग्नाच्या बॅगा, एकदा तर तंबू.
पण बर्फावरच्या गाडीचा सूट
मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला,
मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना.

हेमराज शेंडेनं तो दोन्ही हातांवर आडवा आणला,
झोपलेलं पोर आणावं तसा.
"ताई, आतून ओला होऊन राह्यला.
किती वर्षं टिकाले पाह्यजे असा कपडा?
खरं सांगजा."

कॉलरच्या आत कापडी चिठ्ठी.
चित्रात गाडी, चाकांच्या जागी पट्टा,
खाली कुठल्यातरी देशाची अक्षरं
आणि एक आकडा, पाच.
पाच हिवाळे, असं साहेबानं वाचून दाखवलं होतं
अकरा वर्षांपूर्वी,
जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यातून ओढून काढला तेव्हा.

मग हिशेब आलाच.
कळमन्याच्या कोल्ड स्टोरेजात तो मटाराची खोकी रचतो.
उणे अठरा.
दार उघडलं की हिवाळा, दार लोटलं की मे,
असं दिवसातून चाळीसदा.
म्हणजे पाच हिवाळे
पहिल्याच दिवशी सकाळच्या चहाआधी संपले.
पुढचे कोणाच्या खात्यावर मांडायचे?

मी सूट उलटा केला.
अस्तराची पातळ कातडी
संत्र्याच्या आतल्या पांढऱ्या सालीसारखी
नखाला सुटून आली.
कपडा मरत नाही, शिवण मरते,
असं मी गिऱ्हाइकांना सांगत आले आहे.
बरंच खपून जातं.
इथे ते खोटं ठरलं.
शिवणी धड होत्या,
आणि पाणी बाहेरून आलंच नव्हतं.
घाम होता तो,
ज्याला बाहेर पडायची वाट
केव्हाच बुजली होती.

उजव्या गुडघ्यावर ठिगळ, फ्लेक्सचं.
"रेवतानं लावलं," तो म्हणाला,
"चौकातला वाढदिवसाचा बोर्ड उतरवला तवा."
अर्धी मिशी आणि 'हार्दिक शु' एवढंच उरलेलं.
मी त्यावर चमचाभर पाणी टाकलं.
थेंब गोल बसून राहिला.
शेजारी, त्या परदेशी कापडावर टाकलं,
तर बघता बघता मुरलं.
हेमराज इतका हसला
की शेजारचा कुलूपवाला वाकून बघायला लागला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
छातीला टक्स होते, कंबर आत घेतलेली.
सूट बाईचा होता.
कोपर झिजलेले, ते तिचे,
हँडल धरून ती बर्फावरून कुठे कुठे गेली असेल.
खांदा झिजलेला, तो ह्याचा.
दोघांची झीज एकमेकींना कुठेच शिवत नव्हती.

"पट्टी मारून देऊ शकते इस्त्रीनं," मी म्हटलं,
"पण अस्तर माझ्या हातचं नाही.
साहेबाला नवा माग ना."
तो मान खाली घालून चेन वरखाली करत राहिला.
"साहेब म्हणते, दिसते तर चांगला.
तुमी लिहून द्या."
"काय?"
"का हा संपला म्हणून."

एकोणीस वर्षांत
बिलबुकात मी कायम एकच काहीतरी लिहिलं:
चेन बदलली, पट्टा लावला, चालेल.
त्या दिवशी तारीख घातली,
दुकानाचा शिक्का मारला,
आणि मध्ये जे लिहायचं होतं
ते लिहायला
मला पेन दोनदा झटकावं लागलं.

पैसे मी घेतले नाहीत, त्यानं तरी वीस ठेवले.
कागदाची चार घड्यांची पुडी करून
खिशात घातली.
मग लुनाच्या तापलेल्या सीटवर
तो सूट अंथरला,
मिशीची बाजू वर,
आणि त्यावर बसून
कळमन्याकडे गेला.