चाहूल

दोरी मी धरतो. एक टोक माझ्याकडं,
दुसरं खाजामियाँकडं, शंभर फुटांवर.
खडूची पूड लावायची, ताणायची,
मधे बोटानं उचलून सोडायची.
डांबरावर जी उमटते
तिला आम्ही चाहूल म्हणतो.
मग मागनं भट्टी येते, एकशे ऐंशी डिग्रीची,
चाहुलीवर पांढरं कढत सांडत जाते,
त्यावर काचेचे मणी. रात्री उजळतात.

मापपुस्तकात तिचं नाव लांबलचक आहे.
साहेब एका दमात म्हणतो, आम्ही नाही.
आम्ही म्हणतो पट्टा.
खाजामियाँ म्हणतो लकीर.
राजमल्लू, भट्टीवाला, बोधनचा, म्हणतो गीता.
पहिल्या दिवशी तो ओरडला, "गीता सीधी पकड!"
आणि मी रस्त्यावर बाई शोधत राहिलो.

शिरूर ताजबंदला चहावाला म्हणाला,
रस्त्याला भांग पाडायलाव का?
हाळीच्या पुढं तोच भांग
सोजरबाईला वळ वाटला.
"कुनी वढला म्हनावं ह्येच्या पाठीवर, एवढा."
डोक्यावरचा कडबा तसाच ठेवून
ती बराच वेळ बघत उभी राहिली.
मी काही विचारलं नाही.

शाळेपुढं झेब्रा. झेब्रा कुणी पाहिलाय?
एका गावात निजलेली शिडी,
पुढच्या गावात बाजेची नवार.
एक पोरगी नुसत्या पांढऱ्यावर पाय देत गेली.
काळ्यात पाणी हाय, म्हणाली. खोल.

मधली तुटक रेघ म्हणजे धावदोरा.
हे मुक्रमाबादच्या एका शिंप्यानं म्हटलं
आणि आठ दिवसांत टमटमवाल्यांच्या तोंडी बसलं.
अखंड रेघ, जी ओलांडायची नसते,
ती इकडं धुरा.
परंड्या-भूमकडं बांध.
शेतात दोन्ही एकच. भांडणंही तीच.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
मन्मथची मोटारसायकल घसरली, पाय मोडला.
त्यानंच फोन लावला, दातावर दात धरून:
"धावदोरा संपतो अन् धुरा लागतो, तिथं या."
अँब्युलन्सचा ड्रायव्हर परंड्याकडचा, बदलीवर नवा.
धुरा म्हणजे काय, त्यानं गावात विचारलं.
गावानं शेत दाखवलं.
करडईच्या काट्यांतून बॅटरी फिरवत
पाऊण तास तो हाका मारत राहिला,
आणि मन्मथ इथं, डांबरावर,
मी आखलेल्या रेघेवर हात ठेवून.
"गार व्हती," एवढंच सांगतो. "मनी टोचत व्हते."

आता मापपुस्तकाच्या मागच्या पानावर मी लिहून ठेवतो:
किलोमीटर, गाव, काय म्हणतात.
साहेबानं पाहिलं. बिलात बसत नाही, म्हणाला.
पण पान फाडलं नाही.
दोन दिवसांनी त्यानंच एक ओळ खाली घातली,
त्याच्या आजोळची. अक्षर लागत नाही.

काल देगलूरच्या अलीकडं एक फाटा.
डांबर परवाचं, काळंभोर,
त्यानं अजून रेघ म्हणून पाहिलेली नाही.
पंक्चरवाल्याला विचारलं,
तुमच्याकडं काय म्हणतात हिला?
त्यानं ट्यूब पाण्यात दाबली,
बुडबुडा कुठनं येतो ते बघितलं,
त्या जागी काडी टोचली.
"काय न्हाई. तुमी काढली कुटं अजून?"

खरंच की.
खाजामियाँनं तिकडून हात केला.
दोरी ताणली होती.
मी मधे जाऊन बोटानं उचलली.