एक जून

शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर
माझं टेबल.
मराठीतून इंग्रजी, पानाला चारशे, शिक्का धरून.
एकोणतीस वर्षं मी लोकांचे जन्म भाषांतरित करते आहे.

बहुतेकांचे आईबाप एक जूनला जन्मलेले.
गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरात
अख्ख्या गावाला एकाच दिवशी जन्माला घातलं,
वय भरलं, भांडण मिटलं.
स्टुटगार्टहून एकदा विचारणा आली:
वडील, आई, दोन काका, सगळे एक जून? खुलासा करावा.
केला. सव्वा पान.
गुरुजींना काय शब्द वापरावा, यातच तास गेला.

हळूहळू देश स्वभावाने कळू लागले,
बोहारणीला घरं कळतात तसे.

कॅनडा मार्क देतो.
तिशीनंतर दर वाढदिवसाला थोडे कापतो,
दुपारनंतर मेथीची जुडी उतरते तसे.
जर्मनी म्हणतो, नवऱ्याकडे यायचंय? आधी भाषा.
धनकवडीची एक सून पोळ्या लाटताना घोकायची:
टेबल पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी,
मुलगी नपुंसकलिंगी.
"ताई, हे लग्नाआधी कुणी सांगितलं नाही."
ब्रिटन पगाराचा उंबरठा उंच करत नेतो;
म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला या, म्हणाला,
पोरं मात्र तिकडेच ठेवा.

अमेरिका नाही म्हणत नाही. रांगेत उभं करते,
आणि रांग जन्माच्या देशावरून.
पाषाणच्या नेवाळकरांची नात दोन वर्षांची गेली,
रांगेतच एकवीसची झाली
आणि रांगेबाहेर पडली.
मराठी तिला "चहा" आणि "पुरे", एवढंच.
गणपतीत ढोल मात्र कमरेला बांधते.
व्हिडिओ पाहिला मी: पार्किंगची जागा,
सहाच्या ठोक्याला बंद.

मेलबर्नला आपल्या लोकांचं एक मंडळ होतं,
फुटून तीन झाली.
तेव्हा समजले, माणसं रुजली.

मलाही विचारलं होतं कुणीतरी.
उदगीरहून आले तेव्हा, कर्वेनगरला,
घरमालकीणबाईंनी दार अर्धंच उघडून:
"मूळच्या कुठल्या?"
त्या प्रश्नाला फी नव्हती. अपीलही नव्हतं.
माझं "काय करलालीस" त्यांनी आठ दिवसांत सुधारलं,
आणि मी सुधारू दिलं.

मंगळवारी मुतसिम आला.
ओमदुर्मानचा. कॅम्पात फार्मसी शिकला,
तिकडे लढाई पेटली, इकडेच राहिला.
दर वर्षी परदेशी नोंदणीच्या कचेरीत फाइल घेऊन बसतो;
तिथला पंखाही ओळखतो म्हणे.
"ताई, अर्जंट आहे," रिक्षावाल्यांकडून शिकलेल्या मराठीत.
मुलीचा दाखला. रीम. ससूनला जन्म.
तीन देशांत अर्ज टाकणार,
जो आधी हो म्हणेल तो आपला.

त्याच्या पासपोर्टावर जन्मतारीख एक जानेवारी.
मी चष्म्यावरून बघितलं.
"बायकोचीपण," तो म्हणाला. "भावांचीपण."
"आमच्याकडे एक जून," मी म्हणाले.
इतके हसलो की झेरॉक्सवाला जिन्यातून डोकावला.

रीमची तारीख खरी आहे. नऊ ऑगस्ट.
जन्मस्थानाच्या रकान्यात मी पुणे टाइप केलं.
तिथे भाषांतराला काही नसतं.
या गावाने तिला दाखला दिला, देश दिला नाही;
कायदा तसा आहे, मला तोंडपाठ आहे.
उद्या कुठल्याशा बर्फाच्या गावात
कुणी दार अर्धं उघडून विचारेल तेव्हा
ती पोरगी काय सांगेल, हा रकाना
कुठल्याच फॉर्मात नाही.

शिक्का मारला. त्याने पाचशेची नोट काढली.
माझ्याकडे सुट्टे नव्हते.
"राहू द्या," म्हणाला, "येईनच परत,
अजून दोन देश बाकी आहेत."