लाल दोरा

बालिक पुलाउच्या दवाखान्यात
गोळ्या मिळायच्या प्लास्टिकच्या चिमुकल्या पाकिटांत,
वर पेनाने खरडलेलं: दोनदा, जेवणानंतर.
कसल्या, कोणाच्या, कधीपर्यंत चालतील
ते डॉक्टरला ठाऊक.

गेओक सुआन पाकिटं उजेडात धरायची.
दोन्हींत पांढऱ्या, दोन्हींत गोल.
एक नवऱ्याच्या रक्तदाबाचं, एक तिच्या साखरेचं.
एकाला लाल दोरा बांधला;
सकाळी आठवेना,
लाल म्हणजे तो, की आपण.

एकदा चुकलीच.
तो जेट्टीवर घामाने थबथबून खाली बसला.
कोणीतरी उसाचा रस पाजला म्हणून निभावलं.

आता काउंटरवर हस्लिंडा आहे.
चिठ्ठी छापून चिकटवते: औषध, कशासाठी,
आणि वर ठळक
ओंग तेइक हुआत.
म्हातारा तीनदा वाचतो.

सुटलेला दोरा
तिने जायफळाच्या रोपाला बांधलाय.
ते कोणाचं, हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.