कल

श्रावणात गोंद लवकर धरत नाही.
कामठीत, कन्हानच्या काठावर, रात्री साडेअकराला
हवा ओल्या टॉवेलसारखी मानेवर पडलेली,
आणि जोडपट्टीवर पसरलेला गोंद
बोट लावलं की अजून लांब तार काढतो.
"थांब," इर्शाद म्हणतो, "घाई केली तं उद्या पुन्हा या लागते."
आम्ही थांबतो.
अर्ध्यावर थांबता येणं हेच यातलं अर्धं काम.

लोकांना वाटतं टर्फ म्हणजे वरचं हिरवं.
टर्फ म्हणजे खालचं :
गिट्टी, मुरूम, चुरी, दोरी ताणून काढलेला उतार,
शंभर फुटांना एक फूट,
पाण्याला नदीची वाट सापडावी म्हणून.
इथे शहरातल्यासारखी काळी माती नाही,
जी फुगते, तडकते, दार अडवून भांडते.
इथे रेती.
रेती भांडत नाही, नुसती निघून जाते,
पाण्याच्या बोटाला धरून, चिमटी चिमटीनं.

पेनल्टीच्या ठिपक्याशी मैदान बसलं होतं.
मालक ढोबळेसाहेब म्हणाले, माल खराब निघाला.
पाठ ब्लेडनं चिरली, कापड उलटं दुमडलं :
खाली घुशीचं बीळ.
बिळात एक मोजा, शिट्टीची दोरी,
शेंगांची टरफलं, आणि आमच्याच जोडपट्टीचा
कुरतडून गादी केलेला तुकडा.
"पाय बे," इर्शाद हसला, "इनं तं संसारच थाटला आपल्या मालावर."
सात घमेली मुरूम, पाणी, दुरमुस.
दुरमुस मारताना तोंड मिटलेलं असलं
तरी दातांत रेती येतेच.

आता तुकडा.
तुकडा कापण्याआधी तळवा फिरवायचा.
पात्यांना कल असतो :
एकीकडून मऊ, दुसरीकडून टोचरा.
माझा बाप पाचपावलीत मागावर लुगडी विणायचा,
नजर गेल्यावरही अंगठ्यानं सांगायचा
सुलट कुठली, उलट कुठली.
मागाची लाकडं विकली त्याच वर्षी
मी रोल उचलायच्या कामाला लागलो.
इर्शादच्या घरी चार माग होते.
आम्ही यावर कधी बोलत नाही.
फक्त कापायच्या आधी
दोघांचे अंगठे एकदमच फिरतात.

एक सांगूनच टाकतो.
चार वर्षांपूर्वी हे मैदान मीच अंथरलं.
मे महिना, रोल असे तापलेले
की गुडघ्यांना पोती बांधून सरपटत होतो.
सातवा रोल उलटा पडला.
दिवसा कळत नाही.
रात्री दिवे लागले की डाव्या गोलपुढे
चार मीटरचा पट्टा एक छटा गडद.
ढोबळेसाहेबांना वाटतं, खांबाची सावली.
पोट्टे त्याला नदी म्हणतात.
"नदीत दे, नदीत दे!" ओरडतात,
आणि उईक्यांचा तो किडकिडीत पोरगा
काठाकाठानं बॉल घेऊन निघतो.
मी जाळीबाहेर उभा राहून एकदा पाहिलं,
मग चहाचे पैसे देऊन निघून आलो.

आजचा तुकडा नेमका त्या पट्ट्यात.
सुलट लावला तर नदीत पांढुरकं बेट दिसेल,
विचारणारे विचारतील.
उलट लावला तर
तीच चूक दुसऱ्यांदा, या वेळी जाणूनबुजून,
मोजून, कडेला कड जुळवून.
तुकडा हातात घेऊन मी बसलो.
इर्शादनं बिडी विझवली, दिव्यांकडे पाहिलं,
मग पट्ट्याकडे, मग माझ्याकडे.
कधीपासून ठाऊक होतं त्याला, कोण जाणे.
"नदी हाये ना?" म्हणाला,
"मंग वाहू दे जशी वाहते तशी."

दीड वाजता गोंदाला पुन्हा बोट लावलं.
तार निघाली नाही,
बोटच थोडं मागे राहिलं.
तुकडा बसवला, वर रेतीच्या गोण्या ठेवल्या,
कडेची दबलेली पाती
कैचीच्या टोकानं एकेक उचलून घेतली.